उस्मानचाचांचा कान

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, शाळेपासूनच्या मैत्रिणीला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. मागे एकदा इंग्रजीत लिहून पाहिली. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, तेव्हा तेच सोपं जाईल असं वाटलं. पण इंग्रजीत ती चार ओळींत संपली. काय बिघडलं, कशानं बिघडलं, काय बदललं — गाडीच्या रिपोर्टसारखी. वाचून इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच मला किळस आली. म्हणून आता घरात जी भाषा बोलतो तिच्यात लिहितेय. हिच्यात मला लपायला जागा कमी आहे.

आधी माझ्याबद्दल एक सांगते. मी कमी बोलते. लहानपणापासून. पुंडलिकनगरमधल्या आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, लाजाळू आहे हो पोरगी, पण गुणी आहे. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. पण वाटतं. आणि लोकांना असं वाटतं हे मला फार लवकर कळलं होतं — एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मी गॅरेजमध्ये काम करते. जालना रोडला, चिकलठाण्याच्या पुढे. इंजिनिअरिंग झाल्यावर शेंद्र्याच्या कंपन्यांत अर्ज करत बसले होते, तेव्हा बाबांच्या ओळखीतून विजयभाऊंकडे गेले. विजयभाऊ गॅरेजचे मालक. त्यांनी नवा स्कॅनर घेतला होता. स्टिअरिंगखाली वायर लावायची, की गाडीच्या कॉम्प्युटरला काय दुखतंय ते पडद्यावर येतं. सगळं इंग्रजीत. गॅरेजमध्ये ते वाचणारं कुणी नव्हतं. मी वाचू लागले. महिनाभरात मी 'मॅडम' झाले. पंख्याखालची खुर्ची माझी झाली.

आणि उस्मानचाचा. साठीच्या पुढचे, शिडशिडीत, उजव्या हाताची नखं कायमची काळी. विजयभाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून ते तिथं होते. बाकीच्यांनी मला पहिल्या दिवशी खुर्ची दिली, चाचांनी पाना दिला. "हाथ काले कर बेटा, कुर्सी कहीं नै जाती." मला जे काही हातानं येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे. कॉलेजमध्ये चार वर्षांत मी एकदाही बोल्ट तोडला नव्हता. त्यांच्या हाताखाली पहिल्या आठवड्यात तीन तोडले आणि तिन्ही वेळा ते हसले.

त्यांचा कान — तो कसा सांगू? लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मिसिंग करणारी गाडी आली, म्हणजे चारपैकी एखादा सिलिंडर नीट पेटत नसला, की चाचा ऐकून खडूनं पुढच्या टायरवर त्याचा नंबर लिहायचे. उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे आकडा उर्दूत. मग मला म्हणायचे, आता तुझी मशीन लाव. मी स्कॅनर लावायचे, नंबर बघायचे आणि टायरकडे बघायचे. एक ते चार हे उर्दू आकडे मी टायरवरूनच शिकले. जुळला नाही असं क्वचित व्हायचं. तसं झालं की म्हणायचे, मशीन लावून परत बघ, मी चहा पिऊन येतो. परत बघितलं की बहुतेक वेळा जुळायचा.

आमच्यात स्पर्धा नव्हती, असं मी त्या वेळी म्हटलं असतं. त्यांच्याकडून नव्हती. माझ्याकडून होती. त्यांच्याशिवाय एक तरी काम संपूर्ण माझं व्हावं, असं मला वाटायचं — आणि ते वाटणं मी कुणाला दिसू देत नव्हते. लाजाळू मुलीला कुठे असलं काही वाटतं?

मग धीरजची गाडी आली.

धीरज शेंद्र्याला नोकरीला. पांढरी हॅचबॅक, पण मूळची फारशी काही उरलेली नाही. खाली दाबलेली, रुंद चाकं, पुण्याहून कॉम्प्युटर नव्यानं प्रोग्रॅम करून आणलेला. आता इंजिनला लागून असतो तो धुराचा पाइप बदलून त्याला चार नळ्यांचा हेडर बसवायचा होता. हेडर त्यानं कुठूनतरी वेल्डिंग करून आणला होता. चाचांनी त्याची पट्टी, म्हणजे इंजिनला चिकटते ती सपाट बाजू, उजेडात धरली आणि तिच्यावर स्टीलची फूटपट्टी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसला. वेल्डिंगच्या उष्णतेनं ती वाकली होती. "लेथ पे फेसिंग मारना पड़ेगा," ते म्हणाले. तासून सपाट केल्याशिवाय बसवायची नाही. शुक्रवार होता. नमाजहून आल्यावर स्वतः लेथवर घेऊन जातो, तोवर हात लावू नको, असं सांगून ते गेले.

धीरज समोरच्या स्टुलावर बसला होता. दर पाच मिनिटांनी घड्याळ. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला येतं ना बसवता? की चाचांशिवाय होतच नाही इथं काही?"

एवढंच. यात अपमान तरी काय होता? पण मी उठले.

पट्टीची फट भरायला मी सिलिकॉनची राखाडी ट्यूब घेतली, तेलाच्या टाकीच्या जोडाला लावतात ती. त्या ट्यूबवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं, ऑक्सिजन सेन्सरच्या वाटेत वापरू नये. त्या गॅरेजमध्ये ते बारीक अक्षर वाचू शकणारी मी एकटीच होते. आणि मी ते वाचलं होतं. हे मला नीट सांगायचं आहे. मला माहीत नव्हतं, असं नाही. वाचलं, बोटानं झाकलं आणि पिळलं. थोडंसंच तर लावायचंय, असं मनात म्हटलं.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते हुंगून तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. तापलेल्या सिलिकॉनची वाफ त्या नाकावर बसते, पांढरी पुटं धरते. मग नाक हळूहळू काही सांगेनासं होतं. जे सांगतं ते उशिरा आणि चुकीचं. कॉम्प्युटर त्यावरच विसंबून पेट्रोल सोडतो, आणि मग एखादा सिलिंडर नीट पेटेनासा होतो. त्याच्याकडे दुसरं नाक नाही.

चाचा परत आले तेव्हा हेडर बसला होता, गाडी चालू होती, धीरज बाहेर फोनवर होता. पांढरा कुर्ता, कानाच्या पाळीत अत्तराचा बोळा. त्यांनी बोळा काढून खिशात ठेवला — इंजिन ऐकताना ते नेहमी काढायचे — आणि वाकले. फटीतून येते तशी फुसफुस कुठेच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फेसिंग मारके लाई?"

मी होकारार्थी मान हलवली.

तोंडानं काही बोलले नाही. मान हलवली. एवढ्या वेळात लेथवर जाऊन परत येता येतं का, याचा त्यांनी क्षणभर विचार केला असावा. पण त्यांनी पट्टी पुन्हा उघडून पाहिली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शाबास म्हणाले. त्या हाताला अत्तराचा वास होता. तो वास अजून कुठे आला तर मी तिथून उठते. अत्तर वाईट नव्हतं हो. त्याच्याखाली जे डोकं होतं ते वाईट होतं.

मग त्यांनी त्यांची जुनी पद्धत केली. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगवरची, ठिणगीची वीज देणारी कॉइल उचलायची, म्हणजे तो सिलिंडर बंद पडतो, आवाज बदलतो. चारही वेळा सारखाच बदलला तर चारही ठीक. जुन्या गाड्यांत हे चालायचं. नव्या गाड्यांत करू नये, त्यानं कॉइल जाऊ शकते, असं मी त्यांना आधी एकदोनदा सांगितलं होतं. त्यांनी हसून सोडून दिलं होतं. ती त्यांची चूक होती, खरी चूक — आणि तीच माझ्या उपयोगी पडली.

तोवर आत आलेल्या धीरजला गंमत वाटली. त्यानं मोबाइलवर शूटिंग केलं. म्हणाला, "चाचा, गाडी आहे, रेडिओ नाही. कान लावून काय ऐकता?"

"रेडियोइच है बाबा," चाचा वाकल्या वाकल्याच म्हणाले. "स्टेशन पकड़ना पड़ता."

सगळे हसले. मीही.

पुढच्याच पंधरवड्यात गाडी परत आली. पैठण रोडला धीरज एसटीला मागे टाकायला उजवीकडे निघाला आणि ऐन त्या वेळी गाडीनं दम सोडला. धक्के खाऊ लागली, पुढे जाईना. समोरून ट्रक. शेजारी त्याची बायको. कसाबसा तो परत एसटीच्या मागे शिरला. हे सांगून त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी स्कॅनर लावला. दोन तक्रारी आल्या. तीन नंबरचा सिलिंडर मिस करतोय, आणि ऑक्सिजन सेन्सर फार हळू बोलतोय. चाचांनी टायरवर आधीच आकडा लिहिला होता. तीन. जुळला. त्यांनी खुशीत माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं.

मी गाडीखाली जाऊन सेन्सर सोडवला. त्याचं टोक चुन्यात बुडवून वाळवल्यासारखं पांढरं होतं. चांगल्या सेन्सरचं टोक करडं असतं, फार तर तपकिरी. इतकं पांढरं कशानं होतं ते मला माहीत होतं. मी तशीच गाडीखाली पडून राहिले. तिथून फक्त पाय दिसत होते — धीरजचे बूट, विजयभाऊंच्या चपला, चाचांचे पुढून फाटलेले जुने बूट. बाहेर येऊन मी काय म्हणणार होते? एकच वाक्य होतं. मी चुकीचं सिलिकॉन लावलं. त्यानं काय झालं असतं? विजयभाऊ दोन दिवस बोलले नसते. धीरज चारचौघांत काहीतरी टाकून बोलला असता. खुर्ची कुठेही गेली नसती, चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. एवढ्यावर भागलं असतं. किती स्वस्तात सुटले असते, ते आठवलं की मला स्वतःचा जास्तच तिटकारा येतो. मोठ्या भीतीपोटी नाही केलं मी हे.

सेन्सर मी फडक्यात गुंडाळला आणि ॲप्रनच्या खिशात टाकून बाहेर आले.

तोवर धीरजनं ते शूटिंग विजयभाऊंना दाखवायला काढलं होतं. कॉइल उचलणारे चाचा, हसणारे आम्ही. "बघा, हे असं केलं होतं. चालू गाडीवर. शुक्रवार होता, नमाजहून आले आणि घाईघाईत उरकलं."

घाई. शुक्रवारची घाई मीच केली होती, चाचा तिथं नसताना. मी ते ऐकलं आणि खिशातलं फडकं आणखी खाली दाबलं.

विजयभाऊ चाचांना म्हणाले, "लई वेळा सांगितलं तुम्हाला, नव्या गाड्यांला तुमची जुनी पद्धत लावत जाऊ नका म्हणून. व्हय का नाय?" मग माझ्याकडे वळले. "मॅडम, यामुळंच झालं का हे?"

चाचाही माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या बाजूचा साक्षीदार आला की माणूस जसा सैल होतो, तसे ते सैल झाले होते. म्हणाले, "मेरेकू अंग्रेज़ी पढ़ना नै आता बेटा. मशीन में क्या आया तू बोल. तू बोली तो मैं मानता."

आता ऐका. मी — जिला दुकानात सुटे मागायलाही दोनदा मनात वाक्य जुळवावं लागतं — मी त्या दिवशी अडखळले नाही. मी म्हटलं, "चालू इंजिनवर कॉइल काढली की त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता पुढे जातं. ते सेन्सरवर बसतं. त्यानं सेन्सर जातो, आणि कॉइलही कमजोर होते."

बघा, यातलं एकही वाक्य पुस्तकात चुकीचं ठरणार नाही. तसं होऊ शकतं. त्या गाडीत तसं झालेलं नव्हतं, एवढंच. धीरज मान डोलावत होता. विजयभाऊ म्हणाले, याला म्हणतात शिक्षण. आयुष्यात मी इतकी छान कधी बोलले नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत स्टेजवर जाऊन गप्प उभी राहिलेली मुलगी मी. माझी वाचा फुटली ती या कामासाठी.

चाचा काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं. आता म्हणतील, पट्टी उघडा. ती उघडली असती तर राखाडी सिलिकॉन सगळ्यांना दिसलं असतं. पण ते मला तपासत नव्हते. माझं म्हणणं समजून घेत होते. समजलं, तेव्हा त्यांनी हातातला खडू खिशात ठेवला आणि धीरजपुढे जाऊन हात जोडले. "माफ करना बाबा. मेरेच हाथ से हुआ."

म्हणजे त्यांनी खरंच मानलं. बोलल्याप्रमाणे.

त्यानंतर मी जे केलं तेही लिहिते, नाहीतर हे अर्धंच राहील. मी ती पट्टी स्वतः सोडवली, सगळे जेवायला गेले असताना. सिलिकॉन खरवडून काढलं. मग 'खात्री केलेली बरी' असं म्हणत ती लेथवर नेली, फेसिंग मारून आणली, जोडात नवं गॅस्केट घातलं, नवा सेन्सर बसवला. म्हणजे योग्य काय ते मला पहिल्यापासून येत होतं. गाडी सुरेख चालली. धीरजनं त्याच्या मॉडिफाइड गाड्यांच्या ग्रुपवर माझं नाव टाकलं. लांबून लांबून गाड्या येऊ लागल्या. माझं नाव त्या गाडीमुळे झालं.

विजयभाऊंनी चाचांना नव्या गाड्यांचं इंजिन उघडायला मनाई केली. ब्रेक, सस्पेंशन, जुन्या जीप — हे करा म्हणाले. चाचांनी हुज्जत घातली नाही. तेही एक वेळ चाललं असतं. पण मी रोज जे बघत होते ते वेगळं होतं. एखादी गाडी थरथरत आत आली की त्यांची मान आपसूक तिरकी व्हायची, खिशाकडे हात जायचा, आणि मग तो रिकामाच परत यायचा. टायरवर आकडा लिहिणं बंद झालं. एकदा मीच म्हटलं, चाचा, कितवा वाटतो? म्हणाले, "तू मशीन लगा बेटा. मेरे कान में मैल भर गया शायद." विजयभाऊंच्या जुन्या जीपचंही ते मला विचारू लागले. जी जीप त्यांनी माझ्या जन्माआधीपासून दुरुस्त केली होती, तिचं!

आणि मी सांगायचे. खुर्चीत बसून, हळू आवाजात, आदरानं.

पुढच्या रमजाननंतर ते आलेच नाहीत. जावयाचं करमाडला पंक्चरचं दुकान आहे, तिथं बसतात असं कळलं. जाताना माझ्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर ठेवून गेले होते. आता त्यांना लागत नाही म्हणून.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. मलाही वाटलं होतं. पण अशी गोष्ट एकदा करून थांबत नाही बहुतेक. मागच्या महिन्यात एका पॉलिटेक्निकमध्ये मला बोलायला बोलावलं होतं, प्रत्यक्ष कामातले अनुभव सांगायला. त्या पांढऱ्या टोकाचा फोटो मी तेव्हाच काढून ठेवला होता. का काढला होता, कुणास ठाऊक. तो मी पडद्यावर मोठा करून दाखवला. म्हटलं, हे साध्या सिलिकॉननं होतं. आणि मग मी म्हटलं — कुणी विचारलंही नव्हतं — जुन्या मेकॅनिकांची सवय असते ही, फट दिसली की फासायचं सिलिकॉन. आमच्याकडेही होते एक.

म्हणजे आधी मी माझी चूक त्यांच्या चुकीखाली झाकली होती. आता माझी चूकच त्यांच्या नावावर केली. ज्या माणसानं फूटपट्टी ठेवून उजेड दाखवला होता, त्याच्या नावावर. मुलं वहीत लिहून घेत होती.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. बारीक आवाजात विचारलं, "मॅडम, मग त्यांचं काय झालं?"

"रिटायर झाले," मी म्हटलं.

त्या रविवारी मी करमाडला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, हे खरं आहे, पण त्याला काही किंमत नाही. माझी स्वतःची जुनी गाडी आहे, काही दिवसांपासून ती थोडी थरथरत होती. माझ्याच गाडीला स्कॅनर लावायला मला वेळ झाला नव्हता. दुकान रस्त्याला लागूनच. चाचा पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. हातात खडू — भोक सापडलं की खूण करायला. मला बघून उठले, हात पुसले, जावयाला म्हणाले, "ये हमारी मॅडम बेटी. पूरे शहर में इसके जैसी मशीन कोई नै पढ़ता." जावयानं चहा सांगितला. मी गाडी बंद करायची विसरले होते.

चाचांची मान तिरकी झाली.

ते बोलता बोलता गाडीजवळ गेले. बॉनेटवर नुसता तळवा ठेवला. डोळे मिटले. मग खाली बसले आणि पुढच्या टायरवर आकडा लिहिला. उर्दू तीन. मला ओळखता येतो तो. लिहून झाला आणि त्यांना एकदम कुठे आहोत त्याचं भान आलं असावं. माझ्याकडे न बघता त्यांनी अंगठ्यानं तो पुसला.

"जाने दे," म्हणाले. "मशीन लगाके देखी होगी तू."

त्याच वेळी बोलायचं होतं. रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती, जावई चहाला गेला होता, ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते. यापेक्षा सोपं आणखी काय करून द्यायचं असतं कुणी?

"हो चाचा, बघितली," मी म्हटलं. "काही नाही, ठीक आहे सगळं."

त्यांनी मान डोलावली. पटल्यासारखी. चहा झाला. त्यांनी माझ्या चारही चाकांत हवा बघून दिली, आणि मी निघाले.

सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये, कुणी येण्याआधी, मी स्कॅनर लावला. तीन नंबर. प्लग काढला. त्याच्या चिनी मातीला उभी चीर होती, केसासारखी. नवा प्लग घातला. थरथर गेली.

चाचांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केला नाही.

टायरवर त्या आकड्याची पुसट पांढरी खूण अजून राहिली होती. मी फडकं ओलं केलं आणि ती पुसून टाकली.